जळक्या उतारावरचा रानहरभरा

मालिंत्सी डोंगराच्या जळक्या उतारावर एवारिस्तो कोयता चालवत होता. कमरेएवढ्या ल्युपिनचे निळे-जांभळे तुरे सपासप आडवे होत होते. गावात त्याला रानहरभरा म्हणत. त्याच्याच शेंगा खाऊन एवारिस्तोची गाभण मेंढी सकाळी तडफडून मेली होती.

मक्याच्या भाकऱ्यांचं फडकं घेऊन त्याची बायको देल्फिना धापा टाकत वर आली.

"वा रे म्हाताऱ्या! मेंढ्या मोकाट सोडून घोरत पडलास तू, आणि मुंडकी उडवतोस फुलांची?"

"तुला फुलं दिसतात. मला विष दिसतं."

"आगीनंतर इथे गवताचं पातं उगवत नव्हतं. राखेतून हाच एकटा वर आला. दुसऱ्या कुणाची छाती झाली?"

"मग सांग तुझ्या या शूराला, आटलेला झरा परत आण म्हणावं!"

देल्फिनाने भाकऱ्यांचं फडकं दगडावर ठेवलं. झऱ्यावर सावली धरणारं ओयामेलचं, त्या डिंकाळ सूचीपर्णी झाडांचं, जंगल जळून गेलं होतं. दर पावसाळ्यात गावाने रोपं लावली, एवारिस्तोने स्वतः पाठीवरून वाहून आणली. उघड्या उतारावरच्या उन्हाने एकूण एक करपून गेली. शेवटी गावाने नाद सोडला.

त्याने पुन्हा कोयता घातला, आणि थबकला. पातं नाकाशी नेलं. डिंकाचा ओला, थंड वास. आग लागल्यापासून हा वास त्याला आला नव्हता.

तो गुडघ्यांवर बसला. कापलेल्या ल्युपिनच्या बुंध्याशी वीतभर ओयामेल होतं. शेंडा त्यानेच उडवलेला.

"अगं माझे आई..." तो पुटपुटला.

कोयता टाकून त्याने दोन्ही हातांनी पुढची झुडपं अलगद बाजूला केली. खाली गार, ओलसर माती. तिथे अजून एक रोप. त्याच्या पलीकडे आणखी दोन. कुणीही न लावलेली. वरच्या कड्यावर आगीतून वाचलेल्या झाडांचं बी वाऱ्याने आलं असणार, आणि त्याला सांभाळलं होतं ते या विषाने. एवारिस्तोने डोक्यावरची टोपी काढली.

"काय झालं रे? साप आहे का?" म्हणत देल्फिना लगबगीने पुढे निघाली.

"थांब!" तो ओरडला. "पाय कुठे ठेवतेस ते बघ!"

त्या निळ्या फुलांत देल्फिना एक पाय उचलून तशीच उभी राहिली. तो टेकवायला मोकळी जागा शोधत.