अख्खी गोळी

जलतरण स्पर्धेच्या ढालीवर ‘प्रथम’ हा शब्द दोनदा कोरला गेला होता. एकावर एक, जरासा सरकून.

*

गॅलरीत कोरफडीच्या कुंडीत, मातीखाली, पांढऱ्या गोळ्या. काही विरघळत आलेल्या, काही कोऱ्या करकरीत.

*

“काकू, ही अख्खीच गिळायची हं,” औषधवाला म्हणाला. “मोडायची नाही, कुटायची नाही. अंगात हळूहळू सुटते ती.”

*

“अगं, हे सूप आहे की शिक्षा?”

“मिरपूड जरा जास्त पडली.”

*

सूप नवऱ्याचं. गोळ्याही त्याच्याच. ढालही त्यानेच बिघडवलेली, पण ती नंतर.

तो पितळेवर नावं कोरायचा. दारांवरच्या पाट्या, ढाली, कपांच्या बुडाला लावायच्या पट्ट्या. गिऱ्हाइकं त्याला अक्षरमास्तर म्हणत. तरुणपणापासून त्याला फिट यायची. रात्री जेवणानंतर एक गोळी, एवढ्यावर कितीतरी वर्षं सुखात गेली होती.

मग तो कुरकुरू लागला. “गोळीने डोक्यात कापूस भरल्यासारखं होतं. हात जड पडतो.”

“कापूस भरलेलं डोकं चालेल मला,” बायको म्हणाली. “फुटलेलं नको.”

विषय तिथेच मिटला असं तिला वाटलं.

आणि एक दिवस दुकानातच फिट आली. हातात कोरणी तशीच धरून तो कोसळला, कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. शेजारचा शिंपी धावला म्हणून बरं. त्याला इस्पितळात ठेवलं आणि ती कपडे न्यायला घरी आली. जाता जाता झाडांना पाणी घालावं म्हणून गॅलरीत गेली, तेव्हा कुंडीतली माती उकरलेली दिसली.

तिने त्याला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने गळ्याची शपथ घेतली असती आणि लपवायची जागा बदलली असती. तो तिला पुरता ठाऊक होता.

तो घरी आला त्या संध्याकाळी तिने खलबत्ता काढला. गोळी कुटताना औषधवाल्याचं बोलणं आठवलं आणि हात थांबला. मग टेबलाची ती कड आठवली. तिने पूड सूपमध्ये ढवळली, वर मिरपूड टाकली.

जेवण झाल्यावर नेहमीसारखी दुसरी गोळी पाण्याबरोबर त्याच्यापुढे ठेवली. ती ठेवली नसती तर त्याला संशय आला असता. त्याने ती तोंडात टाकली, पाणी प्यायला आणि शाळेतल्या पोरासारखी जीभ बाहेर काढून दाखवली.

“गिळली, बाई!”

“शाबास,” ती म्हणाली. हसलीसुद्धा.

पुढे तिने कुंडी बऱ्याचदा उकरली. एकही नवी गोळी सापडली नाही. बदललीच शेवटी जागा, तिच्या मनात आलं.

गोळ्यांच्या जादा पट्टीसाठी ती डॉक्टरांच्या त्याच चिठ्ठीवर दुसऱ्या गल्लीतल्या दुकानात जायची. तिथे कुणी काही विचारलं नाही.

फिट परत आली नाही. पण त्याचा हात थरथरू लागला. चालताना तो भिंत धरू लागला. एकाच्या जागी त्याला दोन दिसू लागले, आणि ती ढाल परत आली. मग एका वकिलाची पाटी परत आली.

डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांसमोर बोट फिरवलं. “गोळी रोज एकच ना?”

“एकच,” तो म्हणाला.

“एकच,” ती म्हणाली.

“मग थोडी कमी करून बघू या?”

“नको!” दोघं एकदम म्हणाले.

डॉक्टर हसले. “नवराबायकोचं इतकं एकमत मी पहिल्यांदाच बघतोय. बरं, आधी रक्त तपासून या.”

तिने नवऱ्याकडे तिरकं बघितलं. ज्याला घ्यायचीच नाही, त्याला जास्त काय नि कमी काय!

जिना उतरताना त्याने रक्ततपासणीची चिठ्ठी खिशात कोंबली. “हात तर गेला. आता रक्तही देऊ होय यांना?” तिनेही धोशा लावला नाही. रक्त तपासून गोळी कमी केली तर, ही धास्ती होती.

दुकान शिंप्याने घेतलं. कोरण्या तेल लावून, फडक्यात गुंडाळून घरी आल्या. त्या माळ्यावर टाकायला तो तयार होईना, म्हणून कपाटात ठेवल्या.

एका संध्याकाळी तो दारात बसला होता, हात मांडीवर उलटे टाकून.

“आयुष्यभर लोकांच्या दारांवर नावं लावली,” तो म्हणाला. “आपल्या दाराला पाटी नाही. तुझं नाव आधी घालणार होतो.”

“पोस्टमन गोंधळला असता.”

“गोंधळू दे की.”

तिला रडू आलं. वाटलं, सगळं सांगून टाकावं. अहो, तुमचा हात मीच घेतला. तुम्ही हवे होतात म्हणून घेतला. पण सांगितलं तर तो सूपही सोडेल, आणि मग टेबलाची ती कड. एवढं पाप आपण एकटीने वाहायचं, असं तिने ठरवलं आणि आत जाऊन गॅस लावला.

इस्पितळातून घरी आला त्या रात्रीपासून त्याने एकही गोळी लपवली नव्हती; रोज अख्खी गिळली होती.