पूल कोणत्या हाताला

"आजोबांचं पदक माझ्या पिशवीत आहे आणि ते तिथेच राहणार," नात काकाच्या कानाशी पुटपुटली.

काका वैतागला. "अगं, बाबांचा शब्द आहे! दोस्त आला तर पदक त्याला द्या, असं म्हणाले ना जाताना?"

"दोस्त आला तर ना! हा तोच कशावरून?"

बैठकीच्या खोलीत, आजोबांच्या फोटोसमोर, म्हातारा खुर्चीच्या अगदी कडेला बसला होता. कोट जुना, पण कडक इस्त्रीचा. टोपी गुडघ्यावर. काकाने आजोबांचा तरुणपणीचा फोटो इंटरनेटवर टाकून, पदक द्यायचंय असं लिहून त्यांच्या लढाईतल्या दोस्ताला साद घातली, आणि हा लांबचा प्रवास करून हजर झाला.

नात बसची तिकीट तपासनीस. थापा पकडण्यावरच तिचं पोट. विनातिकीट माणूस शब्द कसे जुळवतो, उत्तराआधी आवंढा कसा गिळतो, हे तिला पाठ होतं. आणि हा म्हातारा प्रत्येक शब्द चाचपून बोलत होता.

त्यात त्याने फोटोला सलाम केला तो तळहात खाली वळवून. तिच्या मनात पाल चुकचुकली. लहानपणी आजोबांनी तिला स्टुलावर उभं करून सलाम शिकवला होता. "तळहात उघडा, समोर, बाईसाहेब! काही लपवताय का?" असं म्हणून स्वतःच खो खो हसायचे. शाळेचे बूटही तेच चमकवून द्यायचे, लंगडत फाटकापर्यंत पोचवायला यायचे. ते गेल्यापासून घर तिला खायला उठत होतं. त्यांचं पदक कुणा सोम्यागोम्याच्या हाती पडू द्यायचं नाही, एवढं तिने ठरवलं होतं.

तिने पाण्याचा पेला पुढे केला. "तुम्ही आजोबांच्या बरोबर होतात म्हणे."

"जवळच होतो."

"मग सांगा ना ती सकाळ."

आजोबांची गोष्ट तिला तोंडपाठ होती. सूर्य नुकताच वर आलेला, ऊन पाठीवर, पूल डाव्या हाताला. मांडीत गोळी लागली आणि ते खड्ड्यात कोसळले. मग कुणीतरी खड्ड्यात उतरलं, जखम बांधली, पाणी पाजलं, अंधार पडल्यावर पाठुंगळी घेऊन निघालं. आपल्या तंबूंचे दिवे दिसले तसं त्यांना अलगद खाली ठेवून आल्या वाटेने निघून गेलं. नाव विचारलं की आजोबा म्हणत, "दोस्त म्हण. तेवढं पुरे."

"पूल उजव्या हाताला होता," म्हातारा म्हणाला.

"डाव्या."

त्याने गुडघ्यावरची टोपी सरळ केली. "तुझे आजोबा डाव्या म्हणत असतील. बरोबर आहे त्यांचं."

"आणि ऊन?"

"थेट डोळ्यांत. समोर नुसता उजेड."

तिने काकाकडे पाहिलं. काकाने मान खाली घातली. काय म्हणावं! चोरी करायची तर निदान अभ्यास तरी करून यावं.

"तंबूपर्यंत आणलंत, मग आत का नाही गेलात? गरम चहा मिळाला असता."

"आत गेलो असतो, तर परत आलो नसतो."

"वा! बोलता छान." ती उठली. "माझे आजोबा कधी खोटं बोलले नाहीत. त्यांचं ऊन पाठीवर होतं. सकाळ तीच, पूल तोच, मग तुमच्या डोळ्यांत कुठून आलं? काका, ह्यांना फाटकापर्यंत सोड."

काका चुळबुळला, पण उठला.

म्हाताऱ्याने पेला जपून खाली ठेवला. पदकाचं त्याने तोवर अवाक्षर काढलं नव्हतं. फोटोजवळ जाऊन तो आजोबांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिला. ती पिशवी छातीशी धरून दारात उभी होती.

"पदक त्याचं आहे, तुझ्याकडेच ठेव," तो म्हणाला. "पण उन्हाचं खोटं नाही, पोरी. नेम मी त्याच्या छातीवर धरला होता. डोळ्यांत ऊन नसतं, तर गोळी मांडीत गेली नसती."