टीव्हीवरची धूळ

पडद्यावरच्या नायिकेने चहाचे दोन कप ओट्यावर मांडले. कॅमेरा दुसऱ्या कपावर जाऊन थांबला, तो हलेचना. जयप्रकाशांनी मांडीखालचं फडकं काढलं आणि टीव्हीच्या बरोब्बर समोर उभं राहून काच पुसायला घेतली.

"बाबा, सकाळीच पुसलात ना?" सोफ्यावरून अस्मिता म्हणाली.

"नेरूळची धूळ आहे बाई. किती पुसली तरी आपली बसतेच."

कप फुटल्याचा आवाज झाला. मग ते जागेवर येऊन बसले.

या मालिकेने त्यांना पुरतं हैराण केलं होतं. नवरा बायकोला फसवतो, पण तोंडाने कुणी काही बोलेल तर शपथ. सगळं बिचाऱ्या वस्तूंवर ढकललेलं. परवा चपलांच्या स्टँडचा एक खण रिकामा दाखवला, काल कोमेजलेला गजरा. कॅमेरा एखाद्या वस्तूकडे मायेने बघायला लागला की तिची धडगत नाही, एवढं जयप्रकाशांनी ताडलं होतं.

जावयाचं, निखिलचं, बाहेर कुठेतरी जुळलंय हे कळलं त्या दिवशी अस्मिता बॅग घेऊन माहेरी आली. आल्यापासून ती रडली नव्हती. मालिकेची टूम तिचीच. ऑफिसातून आली की चहाबरोबर दोघांनी मिळून एक भाग बघायचा, एकट्याने पुढचा बघायचा नाही, ही अटही तिचीच. बापाने ती लगेच मोडली. पोरगी ऑफिसला गेली की ते कानात इअरफोन खुपसून पुढचा भाग बघत आणि कुठे काय फुटतं ते लक्षात ठेवत. तिला ते दिसू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

आज मात्र दुपारी सोसायटीची पाण्याची टाकी साफ करायला माणसं आली आणि भाग निम्माच बघून झाला.

नायिका माहेरच्या दारात उभी होती. तिच्या वडिलांनी पुढे होऊन बॅग उचलली. कॅमेरा त्यांच्या हातावर थांबला. बॅगेचा दांडा धरलेला हात थरथरत होता.

जयप्रकाशांनी आपले हात मांडीवर घट्ट धरले.

अस्मिता उठली. त्यांच्याजवळचं फडकं तिने घेतलं आणि टीव्हीसमोर उभी राहून पुसायला लागली.

"अगं, काही दिसत नाहीये मला."

"धूळ आहे, बाबा." ती वळली नाही. "आता ते वडील रडतात. खूप रडतात."

"तुला काय माहीत?"

"लंच टाइममध्ये बघते मी. रोज."

पडद्यावरच्या वडिलांचा हुंदका थांबेपर्यंत ती पुसत राहिली. मग तिने फडकं त्यांच्या हातात ठेवलं.

"उद्या मात्र तुम्ही उठू नका हं. मला जरा रडायचंय."

जयप्रकाश बाथरूममध्ये गेले आणि फडकं धुवायच्या बादलीत टाकून आले.