प्रणितची दहशत

"पँट गुडघ्याच्या वर घे," ज्योत्स्ना मॅडम म्हणाल्या.

"थंडी वाजून राह्यली, मॅडम."

"घामानं निथळून राह्यला न् थंडी?"

प्रणितने नाइलाजाने फुलपँट वर ओढली. घोट्यापासून वरपर्यंत गोल गोल लालसर चट्टे होते, कडा उठलेल्या. मनगटावरही होते. मानेवरही.

"नायटा आहे हा. कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून. पन खेळाले काई त्रास नाई. फक्त खाजवाले टाइम नाई भेटत."

ज्योत्स्ना मॅडम विज्ञान शिकवायच्या आणि कबड्डीचा एकही सामना त्यांनी पाहिला नव्हता. म्हणूनच बहुधा मुख्याध्यापकांनी त्यांना गडचिरोलीला खेळाडूंच्या त्वचारोगांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तिथून त्या एक बातमी घेऊन आल्या होत्या. जिल्ह्याच्या फायनलआधी डॉक्टर प्रत्येक खेळाडूची कातडी तपासणार, आणि संसर्ग दिसला की तो बाहेर.

बातमी ऐकून कबड्डीचे लटारू सर मैदानातच खाली बसले.

"प्रणित नसन तर आपन तिथी जाऊन करू काय? डबा पार्टी?"

सरांचं चुकत नव्हतं. कुरखेड्याकडच्या या शाळेने आजवर एकही कप जिंकला नव्हता. कपासाठी मुख्याध्यापकांनी काचेचं कपाट मात्र करून घेतलं होतं. सध्या त्यात डस्टर ठेवत.

यंदा पहिल्यांदाच आशा होती, आणि ती प्रणित होती. अख्ख्या मोसमात त्याला एकदाही कोणी पकडलं नव्हतं. हाफपँट घालून तो चढाईला निघाला की समोरचा संघ मागे सरकायचा. आरमोरीचा एक धिप्पाड गडी तर त्याला येताना पाहून स्वतःहूनच रेषेबाहेर गेला आणि बाद झाला. सिरोंचाच्या पोरांनी साखळी सामन्यात त्याला पाहुण्यासारखी वाट करून दिली.

"नजर आहे पोराची," लटारू सर सांगायचे. "वाघ पाह्यला का हरन कसं थिजते? तसं." रेडला निघण्याआधी प्रणित कराकरा मांडी खाजवायचा, तेव्हा सर शेजारच्याला म्हणायचे, "पाहा, नख्या काढून राह्यला."

सरावात त्याला पकडायला सक्त मनाई होती. वाघ फायनलआधी मोडला तर?

नशिबाने फायनलच्या मैदानावर धान खरेदीची पोती रचली होती. पोती उचलेपर्यंत फायनल महिनाभर पुढे गेली.

मॅडमनी प्रणितला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मलम दिलं आणि बजावलं, चट्टे दिसेनासे झाले तरी मी सांगेपर्यंत लावायचं, तोवर कोणाशी अंगाला अंग लावून खेळायचं नाही, आणि दुकानातली ट्यूब मनाने लावायची नाही. प्रणितने खिशातली ट्यूब मुकाट्याने काढून दिली.

शाळेत परतल्यावर मॅडमची नजर खांबावर टांगलेल्या, घाम पुसायच्या दुपट्ट्याकडे गेली.

"हा कोनाचा?"

"टीमचा," लटारू सर अभिमानाने म्हणाले. "सगळे यालेच पुसतेत. टीम एक, घाम एक."

"न् जर्सीले वास कायचा?"

"पह्यली मॅच जिंकलो तवापासून धुतल्या नाई. धुतलं का लक जाते."

मॅडमनी ते लक दोन पावलं लांबूनच हुंगलं.

"सर, ते लक गेलंच पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी लक उकळायला ठेवलं. खिचडी शिजवणाऱ्या इंदुताईंनी आपला गंज, म्हणजे मोठं पातेलं, द्यायला साफ नकार दिला, म्हणून जुना ड्रम आणला. पाण्याला जो रंग आला त्याला नाव नव्हतं. जर्स्या कडक उन्हात वाळल्या तेव्हा त्या निळ्या आहेत, हे पोरांना कळलं.

प्रत्येकाला आपला टॉवेल मिळाला. सगळ्यांची नखं कापली. खेळ संपला की हातपंपावर आंघोळ, आपापल्या साबणाने. तपासणीत आणखी तिघं खाजवणारे सापडले, तेही दवाखान्यात जाऊन आले. आठवड्यात पोरांना इतकी गोडी लागली की चढाई करताना कोणी "कबड्डी कबड्डी" म्हणेना. "आपला टॉवेल, आपला टॉवेल" म्हणत एकेक जण मध्यरेषा ओलांडू लागला. लटारू सरांनी डोक्याला हात लावला, पण आपल्याच नव्या टॉवेलने तो पुसलाही.

प्रणित महिनाभर एकटाच धावला. रोज मलम लावलं आणि रोज पायांवरचे उरलेले चट्टे मोजले.

फायनलच्या दिवशी डॉक्टरांनी त्याला वरपासून खालपर्यंत तपासलं. मानेवर काही नव्हतं, मनगटावर नव्हतं, पायांवरही नव्हतं. डॉक्टर हसले आणि त्यांनी माइक हातात घेतला.

"दोन्ही संघांतले सगळे खेळाडू ठणठणीत आहेत. कोनालेच काई नाई."

लटारू सरांनी ज्योत्स्ना मॅडमना वाकून नमस्कार केला. वयाने ते वीस वर्षांनी मोठे होते. मुख्याध्यापकांनी शिपायाला फोन लावला, "कपाटातलं डस्टर काढ."

समोर सिरोंचाचा संघ उभा होता. त्यांचा कप्तान पोचू डॉक्टरांचं बोलणं कान देऊन ऐकत होता. मग तो आपल्या पोरांशी तेलुगूत काहीतरी बोलला. पोरांनी माना डोलावल्या.

शिट्टी झाली. पहिली चढाई अर्थातच प्रणितची.

तो ताठ मानेने आत शिरला, चकाकते पाय टाकत. प्रेक्षकांत टाळ्या झाल्या. दुसऱ्याच पावलाला पोचूने त्याचा घोटा धरला. मग दुसऱ्याने मांडी धरली. मग कंबर, मनगट, मान. सात जण एकावर एक पडले आणि धुळीत एक ढीग तयार झाला.

ढिगाच्या तळातून प्रणितचा गुदमरलेला आवाज आला, "काऊन बे, आज भेव नाई लागलं तुमाले?"

"भेव कोनाले होतं, बाबू?" घोटा न सोडता पोचू म्हणाला. "किळस होती."