जिन्यापाशी

जिन्यापाशी येऊन पडद्यावरचं चित्र पुन्हा अडलं. दिवाणखाना झकास फिरून झाला आणि पहिल्या पायरीवर कॉम्प्युटर असा बसला की उठायचं नाव नाही.

संध्याकाळी शेखावत मॅडम घर बघायला येणार होत्या. सिव्हिल लाइन्समधला सरकारी बंगला सोडल्यावर त्यांना जिथे राहायचं होतं, ते घर अजून फक्त या पडद्यावरच उभं होतं. प्रणिताने ते एकटीने काढलेलं, तिच्या स्वतःच्या नावाचं पहिलं काम. आज नीट दिसलं नाही तर काम झालाना भागातल्या मोठ्या आर्किटेक्ट ऑफिसकडे जाईल, असं मॅडमनी गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं.

नवा मदरबोर्ड आणि प्रोसेसर तिच्या नवऱ्याने, विनयने, रविवारी स्वतः बसवला होता. तो विमा कंपनीत अधिकारी, पण हातात स्क्रूड्रायव्हर आला की त्याच्या अंगात इंजिनियर संचारायचा. आता तो जरा नरमला होता.

"दुकानदाराने गंडवलं आपल्याला. मतलब, जुनाच माल दिला. तू मॅडमना पुढच्या आठवड्यात बोलाव ना."

"नाही. आजच," प्रणिता म्हणाली.

घाबरणं तिच्या स्वभावात नव्हतं. मेमरी काढून पुन्हा घट्ट बसवून झाली होती, विंडोज नव्याने टाकून झालं होतं, फरक शून्य. मग तिने सगळं बंद केलं आणि पंख्याखाली चहा घेत बसली. चहा संपल्यावर कॉम्प्युटर चालू केला. या वेळी चित्र जिना चढून थेट गच्चीपर्यंत गेलं, आणि तिथून पुन्हा गोगलगाय.

"बघ, थंड असताना पळतो. आतून तापतोय, म्हणून हळू होतोय."

"मे महिना आहे जयपूरचा. आपण नाही का तापत?"

तिने कॉम्प्युटर बंद केला. त्याचा डबा उघडला, प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा त्याच्या धातूच्या ठोकळ्यासकट सोडवला आणि उलटा धरला. ठोकळ्याच्या तळाला पातळ प्लास्टिक चिकटलेलं होतं. बसवण्याआधी काढा, असं त्यावर लाल अक्षरांत छापलेलं होतं.

"दिसलं होतं मला," विनय म्हणाला. "म्हटलं, नवी वस्तू आहे, कशाला ओरखडे पाडा. बदली झाली की न्यायला बरं पडतं."

प्रणिताला हसू आलं आणि त्याहून जास्त राग आला. या घरात फ्रीजचं हँडल, रिमोट, जेवणाच्या खुर्च्या, सगळं प्लास्टिकमध्ये होतं. दर बदलीला वस्तू कोऱ्या करकरीत पुढच्या गावी जायच्या आणि तिचं काम मागच्या गावातल्या कुणाच्या तरी ऑफिसात अर्धवट राहायचं. फार वाईट वाटायचं तिला, पण सामान बांधायच्या घाईत ते कधी बोलून झालं नव्हतं.

तिने प्लास्टिक ओरबाडून काढलं. नळीत उरलेली, उष्णता ठोकळ्यापर्यंत नेणारी पेस्ट प्रोसेसरवर लावली, पंखा बसवला, स्क्रू आवळले. मग ते घर तिने खालून वर, वरून खाली पुन्हा पुन्हा फिरवलं. कुठेही अडलं नाही.

मॅडम आल्या आणि खुर्ची ओढून पडद्यासमोर बसल्या. अंगण पाहिलं, स्वयंपाकघर दोनदा पाहिलं, गच्चीवर रेंगाळल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, "घर तो बहुत अच्छा है. पर आप लोग ट्रांसफर वाले हैं ना, प्रणिताजी? आधा बना मकान किसके भरोसे छोड़ जाएँगी?"

विनय पाण्याचा ट्रे घेऊन दारातच थांबला.

"ट्रांसफर इनका होता है, मॅडम," प्रणिता शांतपणे म्हणाली. "मेरा नहीं."