वितळला का गं?

"वितळला का गं?" बाबांनी पुन्हा विचारलं.

गरम पाण्याच्या वाडग्यात मुठीएवढा स्फटिक होता तसाच पडला होता. मुलीने तो बोटाने हलवून पाहिला. "नाही, बाबा."

"पाणी निवलं असेल. दुसरं तापव."

उभी हयात या माणसाने कॉलेजात ग्रीक शिकवलं होतं. दरवर्षी पहिल्याच तासाला हाच खडा वर धरून ते सांगत, "क्रिस्टलोस! मूळ अर्थ बर्फ. जुन्या लोकांना वाटायचं, डोंगरावर बर्फ इतका गोठतो, इतका गोठतो, की पुढे कधी वितळतच नाही. तोच हा स्फटिक." मुलं हसायची, तेही हसायचे. आता हसू गेलं होतं आणि तेवढा बर्फ डोक्यात राहिला होता.

एरवी बाबा म्हणजे ताठ कणा. शब्द एकदा तोंडातून गेला की काळ्या दगडावरची रेघ. तिच्या धाकट्या भावाने शिक्षण अर्धवट टाकून हॉटेलात आचाऱ्याचं काम धरलं, तेव्हा बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं आणि तो घर सोडून गेला. ती तेव्हा सासरी होती. त्यानंतर बाबांसमोर त्याचं नाव काढायची सोय उरली नाही.

"वाद घालू नका," डॉक्टर म्हणाले. "होला हो म्हणा. जीव शांत राहू दे त्यांचा."

सकाळी बाबांना डुलकी लागली तेव्हा तिने खडा हळूच काढून कपाटात ठेवला. ते जागे झाल्यावर वाडगा पुढे केला.

"वितळला, बाबा."

बाबांनी पाण्यात बोटं फिरवली, तळ चाचपला. मग लहान मुलासारखे हसले आणि रडू लागले.

"दार उघड," ते म्हणाले. "सताड उघड."

हवा हवी असेल, म्हणून तिने उघडलं. त्यांनी खुर्ची दारासमोर ओढून घेतली. जेवायला हाक मारली तर म्हणाले, "थांब, बरोबरच बसू."

संध्याकाळी ती चहा घेऊन आली तेव्हा बाबा गेले होते. डोळे दाराकडेच होते.

तिने भावाला फोन लावला. "शेवटी शेवटी भ्रम झाला होता रे. स्फटिक वितळवत बसायचे. मी आपलं खोटंच सांगितलं, वितळला म्हणून. तेवढंच समाधान."



"ताई," तो म्हणाला, "निघताना मी विचारलं होतं, परत कधी येऊ? बाबांनी टेबलावरचा तो खडा उचलून माझ्यासमोर धरला. म्हणाले, हा वितळेल तेव्हा."