पप्पांचं ओके

सतरा. अर्धांगवायूनंतर पप्पांना 'ओके' एवढा एकच शब्द बोलता येत होता आणि आठवडाभरात मी त्याचे सतरा अर्थ वहीत टिपले होते. पाणी दे, पंखा बंद कर, वाडीत केळींना पाणी सोडलं का, असे. 'दुखतंय' त्यांत नव्हता.

व्यायाम करून घ्यायला गोखिवऱ्याहून येणाऱ्या नीलेशने त्यांचा लुळा हात वर उचलला. "दुखतंय का, अंकल?"

"ओके."

नीलेशने हात आणखी वर नेला.

"अरे, सोड त्यांना!" मम्मी स्वयंपाकघरातून धावत आली. "दुखतंय त्यांना!"

"आंटी, ओके म्हणाले ना ते."

"चाळीस वर्षं ऐकतेय मी. दुखल्याशिवाय हा माणूस इतक्या गोड आवाजात बोलत नाही."

नीलेशने खांदा चाचपला. सांधा निखळायला आला होता. त्याने त्याच दिवशी व्यायाम बदलला.

दोन महिन्यांनी मम्मी समोर बसून पप्पांना पेज भरवत होती. पप्पांनी तोच हात आपला आपण उचलला, तिच्या गालावर ठेवला आणि म्हणाले, "ओके."

नीलेश हात किती उचलला जातो ते मोजायचा, तो कोनमापक मी त्यांच्या खांद्याला लावला. हात अठ्ठ्याहत्तर अंश वर गेला होता.